सडेकोंड वजा एक

बाळारामतात्या गोताड आमच्या दहावीच्या वर्गात आले आणि फळ्याशी बोलायला लागले.

"ऐक रे फळ्या," ते म्हणाले, "नकाशा काढणाऱ्यांना सांग, रेवाळ्यांचं घर धरायचं नाही. सडेकोंडात घरं बेचाळीस. बेचाळीसच दिसली पाह्यजेत."

फळा काही बोलला नाही. मी ड्रोनचा रिमोट घेऊन त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते, आणि ज्या रेवाळ्यांचं घर धरायचं नव्हतं त्यांची उर्वी ती मीच.

तात्या आमचे गावकार, म्हणजे गावकीचे प्रमुख. गावकीनं आमचं घर तीन वर्षांपूर्वी वाळीत टाकलं. वाळीतल्याशी जो बोलेल तोही वाळीत, असा नियम. पण एका गावात राहायचं तर कधीतरी बोलावं लागतंच. मग लोकांनी तोड काढली. आम्हाला काही सांगायचं असलं की ते कुंपणाला सांगत, बैलाला सांगत, एसटीच्या थांब्याला सांगत. आमच्या थांब्याला गावातल्या सगळ्या भानगडी ठाऊक असतील!

पूर्वी अशा वेळी मी मान खाली घालायचे. पण मागच्या महिन्यात मला सोळा पूर्ण झाली होती, ड्रोन उडवण्यात तालुक्यात पहिली आले होते, आणि मान खाली घालून घालून मला कंटाळा आला होता. मी टेबलावरचा डस्टर उचलला.

"डस्टरा," मी म्हटलं, "तात्यांना विचार, घर नाही धरायचं म्हणजे घराबरोबरची जमीनही नाही ना?"

वर्गात खसखस पिकली. दळवी मॅडमनी हसू दाबायला हजेरीपट तोंडासमोर धरला.

"फळ्या, सांग त्यांना, त्या घराचं काही म्हणजे काही नको. कौल नको, कुंपण नको, सावलीपण नको."

"डस्टरा, हे लेखी मिळेल का?"

आणि तात्यांनी लिहून दिलं! गावकीच्या शिक्क्यासह. 'रेवाळे यांचे घर व त्यासोबतची सर्व जागा गावाच्या हद्दीत धरू नये.' मी कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला. माझे कान तापले होते. राग आला की कान तापतात, पण हे रागाचं तापणं नव्हतं.

नकाशा कशासाठी, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी तिसरीत असताना राज्यात 'एकछत्र' आलं. त्याआधी ज्याच्या कौलावर सौरपत्रे, त्याची वीज. एकछत्रानं राज्यातली सगळी वीज एका यंत्राच्या हाती दिली. राजधानीत बसलेलं ते यंत्र प्रत्येक छपरावरचं ऊन मोजायचं आणि कोणाला किती द्यायचं ते ठरवायचं. कारखान्यांना गरज असली की आमच्या कौलावरची वीज बंद. कल्पना वाईट नव्हती. एका गावात ढग, दुसऱ्यात ऊन, मग वाटून घ्यावं. पण वाटणारा दोनशे मैलांवर आणि त्याला ना कान ना तोंड.

सडेकोंडानं एक चोरवायर टाकली. ती शाळेच्या नळाजवळून जायची आणि एक दिवस पहिलीतल्या पोराला तिचा झटका बसला. माझी आई तेव्हा गावची वीजसेविका होती. तिनं एकछत्राला कळवलं, ही एक वायर धोक्याची आहे, काढून टाका. यंत्रानं वायर काढली नाही. अख्ख्या गावाची वीज तीन आठवडे बंद केली. एका गुन्ह्याला एक शिक्षा, आणि ती सगळ्यांना सारखी. इतकंच त्याला कळत होतं.

गावाला यंत्राच्या कानफटात मारता येईना. मग आईच्या मारली. गावकी बसली, आईला सांगितलं, सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, नारळ ठेव आणि चुकले म्हण. आई म्हणाली, पोर मेलं असतं तर नारळ कोणी ठेवला असता? झालं. आम्ही वाळीत.

दुसऱ्या वर्षी चैत्रात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. गावात गाडी एकच, तात्यांची. आई मागायला जाऊन आली, म्हणाली, दिली नाही. बाबा दुपारी गेले. खांद्याला आई, मी, दळवी मॅडम आणि एसटीचा ड्रायव्हर. मी तेरा वर्षांची, माझा खांदा पुरेना, म्हणून ड्रायव्हरनं माझ्या खांद्यावर पोत्याची चुंबळ ठेवून उंची जुळवली. बेचाळीस घरांतून एक माणूस बाहेर आला नाही. एक नाही!

त्या दिवसापासून मी देवाजवळ एकच गोष्ट मागत होते, आणि ती गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या प्रार्थनेत बसणारी नव्हती.

*

मग गंजबॅटरी निघाली.

तिची गंमत अशी. लोखंड गंजतं म्हणजे ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं. त्या ओढण्यात ऊर्जा मोकळी होते. उघड्यावर पडलेल्या खिळ्यात ती हळूहळू वाया जाते. पण तेच लोखंड भुगा करून, क्षाराच्या पाण्यात बुडवून, एका बाजूनं हवा दिली, तर ती ऊर्जा वीज म्हणून तारेतून काढता येते. दुसऱ्या दिवशी उन्हाची वीज उलटी सोडली की गंज प्राणवायू सोडून देतो आणि पुन्हा लोखंड होतो. रात्री श्वास आत, दिवसा श्वास बाहेर. महाग धातू नाहीत, पेट घ्यायची भीती नाही. तोटा एकच, वजन. गावाला पुरेल अशी बॅटरी म्हणजे एखाद्या घराएवढं धूड, आणि गंजलं की ते आणखी जड होतं, कारण हवेलाही वजन असतं. एकदा बसवली की हलवायचं नाव नको.

गावागावांत गंजबॅटऱ्या बसल्या आणि लोक म्हणायला लागले, आता ते एकछत्र हवं कशाला? मोठी आंदोलनं झाली. शेवटी सरकारनं विलगता कायदा केला. जी वस्ती नव्वद दिवस स्वतःच्या विजेवर आणि पाण्यावर राहून दाखवेल तिनं स्वतःच्या हद्दीचा नकाशा स्वतः काढून द्यावा आणि राज्यापासून मोकळं व्हावं. सोळा पूर्ण झालेल्या प्रत्येकाची संमती वेगळी घ्यायची. कोणाला ओढून न्यायचं नाही. दुसऱ्याच्या हद्दीत जबरदस्तीनं शिरणाऱ्याची विलगता रद्द. आणि एकदा गेलात की पाच वर्षं परत घेणार नाही.

दळवी मॅडमनी हे वर्गात शिकवलं तेव्हा विचारलं होतं, "देशातून राज्य, राज्यातून जिल्हा, जिल्ह्यातून गाव. मग हे थांबायचं कुठे?"

"एका माणसापाशी," मी म्हटलं.

"आणि राज्य गेलं की राज्याचे कायदेही जातात, हे लक्षात आहे ना? वाळीत टाकणाऱ्याला शिक्षा करणाराही."

"त्या कायद्यानं आमच्यासाठी काय केलं, मॅडम?"

मॅडमनी पुस्तक मिटलं. त्यांनी तीन तक्रारी केल्या होत्या. तिन्हींची पोच त्यांच्याकडे होती.

सडेकोंडाची बॅटरी बसवायला खोल, कोरडी, दगडी जागा हवी होती. ती सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, एकच होती, माझ्या बाबांची जुनी चिरेखाण. जांभ्या दगडाचे चिरे काढून काढून चौकोनी विहिरीसारखी झालेली. बाबांनी ती माझ्या नावावर केली होती, खाणीच्या कडेवर बांधलेल्या आमच्या मागच्या खोलीसकट. गावानं विचारलं नाही. वाळीतल्यांची जागा म्हणजे कोणाचीच नाही, असं धरून बॅटरी बसवली. सौरपत्रेही तिथंच, सड्यावर पसरले.

आणि बॅटरी चालेना! तिचा श्वास कोंडत होता. एक दिवस तात्या आमच्या कुंपणाबाहेर येऊन फणसाला विचारायला लागले, "काय रे फणसा, फेस येतो तो कशानं?"

आई अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती मान वर न करता कोंबडीला म्हणाली, "क्षार जास्त झालाय गो. निम्मं पाणी काढून साधं घाला म्हणावं. आणि हवेच्या जाळीवर धूळ बसू देऊ नका."

"कशाला सांगितलंस?" मी आत आल्यावर भांडले.

"बॅटरीनं काय वाईट केलंय आपलं?" आई म्हणाली.

बॅटरी चालली. नव्वद दिवस भरले. मी शाळेच्या ड्रोननं नकाशा काढला. माझ्या शेजारी बसून कस्तुरी, तात्यांची नात, छपरं मोजत होती. आम्ही पूर्वी एका डब्यात जेवायचो. आता ती माझ्याशी नाही, स्वतःच्या पट्टीशी बोलायची. मी हद्दीची लाल रेघ ओढली. ती आमच्या घराला वळसा घालून गेली, खाणीला वळसा घालून गेली, पत्र्यांना वळसा घालून गेली. कस्तुरीचं बोट त्या वळणावर थांबलं. तिनं बोट उचललं आणि पट्टीला म्हणाली, "बेचाळीस भरली."

तात्यांनी छापील नकाशावर बोट टेकवत टेकवत छपरं मोजली. दोनदा मोजली. खूश झाले, सही केली. रेघेबाहेरच्या पांढऱ्या जागेकडे त्यांनी बघितलंच नाही. तीन वर्षं न बघायची सवय झालेली ना!

त्याच दिवशी मी दुसरा अर्ज भरला. रेवाळे घर आणि खाण, सदस्य दोन. नव्वद दिवसांची वीज? माझ्याच जागेवर तयार झालेली. पाणी? परसातली विहीर. आईनं तो अर्ज सावकाश वाचला, सही केली आणि कोंबड्या झाकायला गेली. मला वाटलं, तीही माझ्यासारखीच आतून पेटली आहे.

*

विलगतेच्या दिवशी सहाणेवर मांडव होता, ढोल होते, लाऊडस्पीकर होता. नोंदणी अधिकारी म्हणून सावंत मॅडम नावाच्या बाई आल्या होत्या, हातात टॅबलेट. अकरा वाजता त्यांनी एकछत्राची तार सोडली. खांबावरचा निळा दिवा विझला. लोकांनी टोप्या उडवल्या.

तात्या बोलायला उभे राहिले, आणि खरं सांगते, फार छान बोलले.

"दोनशे मैलांवर बसून कोण मला सांगणार, तुझ्या कौलावरचं ऊन तुझं किती न् माझं किती? ज्यानं मला इचारलं नाय, त्याचा मी कसा? गाव म्हंजे काय कोंबडी हाय, कोणीपण टोपलीखाली झाकावी? ज्याला ऱ्हायचं नाय त्याला धरून ठेवणं, ही गुलामी!"

सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. अगदी मनापासून. मला त्यातला शब्दन् शब्द पटला होता.

मग मी उठले आणि सहाणेच्या पायरीवर चढले.

"तात्या, आपली बॅटरी कुठे आहे?"

तात्यांनी माईकच्या दांड्याकडे तोंड वळवलं. "दांड्या, म्हणावं, हे काय इचारणं? खाणीत हाय."

"दांड्याला राहू द्या. नकाशात दाखवा."

सावंत मॅडमनी नकाशा पडद्यावर मोठा केला. तात्यांचं बोट लाल रेघेवरून चालत गेलं आणि वळणावर थांबलं, कस्तुरीचं थांबलं होतं तिथंच.

"ही चूक हाय," तात्या म्हणाले.

मी कंपासपेटीतला कागद काढून वाचला. 'घर व त्यासोबतची सर्व जागा हद्दीत धरू नये.' शिक्क्यासह. "मी एका शब्दाचीही चूक केली नाही, तात्या. तुम्ही सांगितलंत तस्संच काढलं."

"दुसरा अर्जही मंजूर आहे," सावंत मॅडम टॅबलेटवर बघत म्हणाल्या. "रेवाळे घर. सदस्य दोन."

"चला रे, खाण ताब्यात घेऊ!" तात्यांचा मुलगा ओरडला. दहाबारा जण उठले.

"रेषा ओलांडलीत तर विलगता रद्द," सावंत मॅडम म्हणाल्या. "आणि जबरदस्तीची शिक्षा म्हणून एकछत्र वीज किती दिवस बंद ठेवेल, ते मला विचारू नका. ते मलाही सांगत नाही."

उठलेले बसले. तात्या माईक धरून तसेच उभे. "गाववाल्यांनो," त्यांनी सुरुवात केली. तोवर मी धावत, उड्या मारत, सड्यावरून खाणीत पोचले होते. मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला. लांबवर लाऊडस्पीकर तात्यांचा आवाज अर्धा गिळून बंद पडला.

आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं!

"पाण्याचा पंप चालू ठेव," मागून आई म्हणाली.

"ठेवलाय. मी काय एकछत्र आहे?"

*

खाणीत प्रत्येक घरासाठी वेगळा खटका होता. बेचाळीस खटके, ओळीनं. मी अट घातली. प्रत्येक घरातल्या एकानं हद्दीपाशी यायचं. माझ्याशी बोलायचं, कुंपणाशी नाही, फणसाशी नाही, माझ्याशी, नाव घेऊन. आणि एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. बाबा गेले त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? उत्तर ऐकून मी वहीत 'ऐकलं' लिहीन आणि त्या घराचा खटका वर करीन.

दोन दिवस कोणी आलं नाही. मोबाइल बंद पडले, पीठगिरणी बंद पडली, काजूच्या फॅक्टरीत टरफलं तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. मी शाळेला दांडी मारली. खुर्ची टाकली, मांडीवर वही.

पहिला दुकानदार झिलू पाष्टे.

"उर्वी." तीन वर्षांनी माझं नाव घेताना त्याची जीभ अडखळली. "मी दुकान बंद केलं होतं त्या दिवशी."

"दुखवट्याचं?"

"नाय. तुम्ही कापूर मागायला याल म्हणून."

मी लिहिलं, 'ऐकलं'. खट्.

सुनंदाकाकी आल्या. "भात शिजवला होता गो तुमच्यासाठी, पिठल्यासकट. टोपलीत भरला. उंबऱ्यापर्यंत आले. मग संध्याकाळी म्हशीला घातला."

खट्.

"टीव्हीचा आवाज मोठा केला होता, तुझी आई रडलेली ऐकू येऊ नये म्हणून."

खट्.

"काजू वेचत होतो बहुतेक. खरं सांगू? आठवत नाय."

हे सगळ्यांत जास्त लागलं. त्याचा खटका वर करायला माझा हात तयार होईना. पण मी शब्द दिला होता. खट्.

अकरा घरं झाल्यावर आई खोलीच्या दारात आली. "पुरे झालं, उर्वी. म्हातारी माणसं उन्हात उभी आहेत."

"बाबापण उन्हातच गेले."

"तुला काय हवंय यांच्याकडून?"

"सगळं," मी म्हटलं.

आई आत गेली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग कस्तुरी आली, पण तात्यांच्या घराकडून म्हणून नाही. ती स्वतःहून आली. "मी माडीवर होते. तुझ्या खांद्यावर पोतं ठेवलं ते दिसलं मला." मग म्हणाली, "आणि नकाशावरचं वळणपण दिसलं होतं."

"बोलली नाहीस?"

"कोणाशी बोलू? पट्टीशी?"

मला हसू आलं. मग मी ते गिळलं. तिला खुर्ची द्यावी असं वाटलं, पण खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसले होते.

शेवटी तात्या. टोपी हातात. म्हातारा एकदम लहान दिसत होता, आणि मला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

"उर्वी," ते म्हणाले. "गाडी दारात उभी होती. किल्ली खिशात होती. ओसरीवर बसून होतो, सकाळपासून. कोणी मागायला आलं नाय."

"वाळीतलं माणूस मागायला आलं तरी तुम्हाला दिसतो फक्त फणस!"

"तुझी आई नारळ घेऊन आली असती तर दिली असती. वायर टाकणारा माझाच मुलगा होता गो. ती दोषी ठरली नसती तर तो ठरला असता." ते थांबले. "चुकलो."

बेचाळिसावं 'ऐकलं'. खट्. गावात एकदम गिरणीचा पट्टा फिरायला लागला, कुठेतरी गाणं लागलं, पोरं ओरडली. मी वही मिटली. बोटांवर गंजाचा तांबडा रंग बसला होता.

*

आठवड्यानं सावंत मॅडम पुन्हा आल्या. गावकीनं अर्ज केला होता, रेवाळ्यांनी सडेकोंडात सामील व्हावं, वाळीत उठवलं आहे. तात्या पुढे, मागे सगळं गाव, आमच्याच अंगणात. सुनंदाकाकींनी पिठलं-भात आणला होता, झाकून.

"संमती प्रत्येकाची वेगळी," मॅडमनी टॅबलेट पुढे केला. "सामील की विलग?"

आईनं पदराला हात पुसले आणि 'सामील' दाबलं. इतक्या पटकन! जणू तीन वर्षं तिचं बोट तिथंच होतं.

मग टॅबलेट माझ्यापुढे आला. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. हीच तोंडं. मी 'विलग' दाबलं.

"अगो, तू शबुद दिला होतास!" तात्यांचा मुलगा म्हणाला.

"वीज द्यायचा. सामील व्हायचा कधी दिला? वीज मिळेल. रोज मिळेल, मी बंद करणार नाही. पण मी तुमची नाही. ज्याला राहायचं नाही त्याला धरून ठेवणं ही काय असते, तात्या?"

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"म्हणजे घर सुलक्षणा रेवाळे यांचं, ते सडेकोंडात," सावंत मॅडमनी पडद्यावर रेघ ओढत म्हटलं. "खाण, सौरपत्रे आणि मागची खोली उर्वी रेवाळे, स्वतंत्र. सीमा..." त्यांनी चष्मा वर केला. "सीमा स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून जाते."

लोक पांगले. पिठल्याचं भांडं अंगणात तसंच राहिलं. मी मागच्या खोलीत जाऊन पाय पसरून बसले. स्वतःचा देश! लोकसंख्या एक, राष्ट्रीय पीक जांभा दगड. मला गुणगुणावंसं वाटत होतं.

संध्याकाळी आई दारात आली, पलीकडच्या बाजूला. तिच्या मागे स्वयंपाकघरात काळोख होता. तिचं घर सकाळपर्यंत माझ्या तारेवर होतं. आता ते गावात गेलं होतं आणि त्याचा खटका अजून कोणी बसवला नव्हता.

"माझ्या घरात वीज नाही," ती म्हणाली.

"अगं, देते की. तार जोडायला दोन मिनिटं."

"असं नको. रांगेनं. बाकीच्यांना विचारलंस तसं मलाही विचार."

"आई, काय नाटक आहे हे?"

"विचार, उर्वी."

मी हसत हसतच विचारलं. "बाबा गेले त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

आई चौकटीला टेकली नाही. रांगेतल्या माणसांसारखी सरळ उभी राहिली.

"सकाळी साडेआठला तुझे बाबा म्हणाले, आता सोसवत नाही, तात्यांकडून गाडी माग. मी नारळ घेतला. तात्यांच्या कुंपणापर्यंत गेले. ते ओसरीवर बसलेले दिसले. त्यांनी मला बघितलं नाही. मी खरं बोलले होते, आणि खरं बोलल्याची माफी मागायला माझा पाय उचलेना. मला वाटलं, दुखणं उतरेल. मी परत आले. घरी येऊन म्हटलं, दिली नाही गाडी."

"म्हणजे..."

"नाकारली नव्हती. मी मागितलीच नाही. त्यांना खोटं सांगितलं, आणि मग तुलाही."

खाणीत बॅटरीच्या जाळीतून हवा आत जात होती. सूर्य कलला होता, तिची श्वास घ्यायची वेळ झाली होती.

"अकरा घरं झाल्यावर पुरे म्हटलंस," मी म्हटलं, "ते म्हाताऱ्यांसाठी नव्हतं."

"नव्हतं. रांग तात्यांपर्यंत जाऊ नये म्हणून."

मी उठले. तार जोडली. आईच्या घराचा खटका बसवला, वर केला. स्वयंपाकघरात दिवा लागला आणि आईचा चेहरा काळोखात गेला, कारण उजेड आता तिच्या पाठीवर होता. मी वही उघडली, त्रेचाळीस आकडा घातला.

"माझ्यापुढे 'ऐकलं' लिहू नकोस," आई म्हणाली. "त्यांना चालेल ते. मला माफ केलंस की नाही, तेवढं लिही."

मी पेनचं टोपण लावलं.

याला आता दोन महिने झाले. वीज एक दिवसही बंद पडलेली नाही. गावाशी मी कामापुरतं बोलते. आई तिकडे भाकऱ्या थापते, ताट उंबऱ्यावरून अलीकडे सरकवते. मी जेवते, ताट धुऊन पलीकडे ठेवते. रोज संध्याकाळी सातला ती सीमेपाशी येऊन विचारते, "ठरलं का गो?"

मी वहीकडे बघते. तात्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. काजूवाल्यानंसुद्धा नाही.

"उद्या ये," मी म्हणते.